मागे न घेतलेले पाय

वच्छलाबाई शांतवन खंडारे यांच्या घरात संध्याकाळचं जेवण साडेसातला असतं आणि त्याआधी प्रार्थना असते. प्रार्थना वच्छलाबाई करतात. शेवटी सगळे आमेन म्हणतात आणि मग भाकरी मोडतात. पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांची प्रार्थना संपली, सुनेचं आमेन आलं, नातीचं आलं, आणि मुलाच्या ताटातून भाकरी मोडल्याचा आवाज आला. आमेन आलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कापसाच्या जिनवरून, कामावरून, भुकेला आला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रार्थना करता करता डोळे किलकिले केले. राजदीप डोळे उघडे ठेवून बसला होता, बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा.

"काहून रे, जीभ भाजली काय?" त्यांनी विचारलं.

"नाई माय."

"मंग आमेन कुठं गेलं?"

राजदीपने घास गिळला. "तू 'प्रभू येशू, आमच्या देवा' म्हणते. त्याला आमेन म्हणणं मले जमत नाई. येशू देवाचा पुत्र हाये. देवाने सगळ्यात आधी त्याले घडवलं. थोर हाये, पण देव नाई. प्रार्थना देवबापाला करायची."

सून साधनाच्या हातातली वरणाची पळी पातेल्यातच राहिली. निकिता तेरा वर्षांची. ती एकदा बापाकडे आणि एकदा आजीकडे पाहू लागली.

"वाढ," वच्छलाबाई सुनेला म्हणाल्या. "वरण निवून राह्यलं."

त्यांना ठाऊक होतं हे कुठून आलं ते. राजदीप पांढरकवड्याजवळच्या एका जिनमध्ये फिटर आहे, बेचाळीस वर्षांचा. उन्हाळ्यापासून नागपूरचे दोन 'भाऊ', एका वेगळ्या पंथाचे प्रचारक, दर रविवारी दुपारी त्याच्याकडे यायचे, बायबल उघडून बसायचे, ओळीखाली बोट ठेवून बोलायचे. माणसं वाईट नव्हती. चहा झाला की आपला कप आपण मोरीत नेऊन ठेवायची. वच्छलाबाईंना हे फार आवडलं होतं. त्यांच्या चर्चमधल्या एकाही वडीलधाऱ्याने आजवर कप उचलला नव्हता. शिवाय त्या दोघांच्या संगतीने राजदीपचा तंबाखूचा खर्रा सुटला होता. बापाच्या शिव्यांनी, बायकोच्या रडण्याने, डॉक्टरच्या धाकाने जे झालं नाही ते त्या दोघांनी केलं होतं. म्हणून तर त्यांचं म्हणणं त्याला खरं वाटत होतं. वच्छलाबाईंना हे कळत होतं आणि म्हणूनच त्या घाबरल्या होत्या.

त्या आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेबांनी दोन पानं लिहून दिली, वचनांची यादी, खाली रेघा मारलेल्या. वच्छलाबाईंनी जेवणाआधी ती वाचून दाखवली. राजदीपने शांतपणे ऐकलं. प्रत्येक वचनावर त्याच्याकडे उत्तर होतं. शेवटी तो म्हणाला, "हे पाळकसाहेबाचं हाये माय. त्यायचे साहेब त्यायले शिकवतात, ते तुले. तुझं काय हाये याच्यात?"

वच्छलाबाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला. मुलगा खोटं बोलत नव्हता.

"माझं ऐक," तो म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, पण ठरलेला होता. "एका घरात दोन तऱ्हेची प्रार्थना चालत नाई. निकिता अर्धं आमेन म्हणून राह्यली, पाहते ना तू? नाताळापासून जेवणाची प्रार्थना मी करीन, बापाला. तुले येशूला करायची तं मनातल्या मनात कर."

"अन् मी तुले पुस्तकातून दाखवलं तं?"

"कोणाचं ऐकून नाई. तुझं तू काढ. मले दिसलं तं मी आमेन म्हणीन."

"नाताळापर्यंत?"

"नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत."

लेक राखी वणीला असते. तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "ये माझ्याकडं. कायले त्याची मिजास सहन करते?"

"मी निघून आली तं निकिता काय शिकन?" वच्छलाबाई म्हणाल्या. "का आजीजवळ उत्तर नव्हतं. मी नाई येत."

*

उत्तर काढायचं तर वाचायला हवं होतं, आणि वाचन ही वच्छलाबाईंची कधीच जमेची बाजू नव्हती. केळापूरकडच्या एका खेड्यात त्यांचे वडील फकिरा मिशनच्या बंगल्यावर चौकीदार होते. मुलगी चौथीपर्यंत शिकली आणि विसरली. लग्नानंतर मिशनच्या दवाखान्यात त्या आया म्हणून लागल्या. त्यांचा आता हयात नसलेला नवरा शांतवन तिथेच जीप चालवायचा. तिथल्या मेट्रनबाईंचा नियम असा की सकाळच्या प्रार्थनेत आयांनीही एकेक वचन वाचायचं. वच्छलाबाईंची पाळी आली की नर्स ओठ दाबून हसत. म्हणून त्या औषधांच्या बाटल्यांवरची मराठी लेबलं वाचून वाचून तयारी करायच्या. 'चांगले हलवून घ्यावे' हे त्यांनी न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य.

बाळंतिणींच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांचं मुख्य काम असं होतं: बाळ जन्मलं की आधी मनगटाला कापडी फीत बांधायची, तिच्यावर आईचं नाव लिहायचं, आणि मगच त्याला अंघोळीला न्यायचं. बाळ कितीही रडो, डॉक्टरीण कितीही घाई करो, आधी फीत. कोण कोणाचं हे ठरल्याशिवाय त्या पुढचं पाऊल टाकत नसत. त्यांच्या हातून एकही बाळ अदलाबदल झालं नाही. निवृत्त झाल्या तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना स्टीलचा डबा दिला आणि त्यांनी मागून घेतलं ते फितीचं अर्धं राहिलेलं रीळ.

आता सकाळी धुणं झालं की त्या ओट्यावर बसत. चष्मा लावत आणि नवा करार वाचत, पहिल्या पुस्तकापासून, मत्तयापासून. बोट ओळीखाली, ओठ हलते. रोज दोन अध्याय. गल्लीत कापसाच्या गाड्या जात, शेजारच्या कांताबाई वाकून विचारत, "बीएची परीक्षा हाये काय व?" वच्छलाबाई म्हणत, "त्याहून मोठी हाये." आणि पुन्हा ओळ धरत.

पहिल्या महिन्यात त्यांच्या हाती काही लागलं नाही. येशू स्वतःच्या तोंडाने 'मी देव आहे, माझी पूजा करा' असं सरळ म्हणतो अशी ओळ त्या शोधत होत्या, कारण नागपूरच्या त्या दोन भावांनी तीच मागितली होती. तशी ओळ मिळेना. संध्याकाळी त्या प्रार्थना करत, सून आमेन म्हणे, निकिता पुटपुटे, आणि भाकरी मोडल्याचा आवाज येई. दिवस जात होते.

*

नवरात्रात एक दिवस दुपारी फाटकाशी दोन बायका उभ्या राहिल्या. एक म्हातारी, कृश, हातात पिशवी. दुसरी तिशीची, अंगणवाडी सेविकेची साडी नेसलेली.

"सिस्टरबाई इथंच राह्यते ना?" म्हातारीने विचारलं.

"मी सिस्टर नाई, आया होती," वच्छलाबाई म्हणाल्या. हे त्या एकतीस वर्षं सांगत आल्या होत्या आणि कोणी ऐकलं नव्हतं.

ती रुखमाबाई आत्राम. झरी जामणीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. केळापूरच्या देवीला आली होती, आणि पत्ता विचारत विचारत इथवर. तीस वर्षांपूर्वी ती बैलगाडीतून दवाखान्यात आली होती, मूल आडवं, अंगातलं रक्त निम्मं वाहून गेलेलं. शांतवनने जीप काढून यवतमाळहून रक्ताची बाटली आणली होती आणि वच्छलाबाई दोन दिवस खाटेजवळून हलल्या नव्हत्या.

"हे तेच लेकरू," रुखमाबाई म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली, आणि कोणाला काही कळायच्या आत ती ओट्यापुढे आडवी झाली आणि वच्छलाबाईंच्या पायांकडे दोन्ही हात गेले.

वच्छलाबाईंनी पाय असे वर ओढले, जसे निखाऱ्यावरून ओढावेत. दोन्ही पाय ओट्यावर, साडीखाली. वहाण उडून अंगणात पडली.

"अवं उठ व माय. उठ आधी. मी तुझ्यासारखीच बाई हावो. ज्यानं वाचवलं त्याच्या पाया पड." त्यांनी रुखमाबाईला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

राजदीप त्या दिवशी घरी होता. दारात उभा राहून हसत होता. "माय, अजून तेच? दवाखान्यात बी अशीच कोलांटउडी मारत होती तू."

रुखमाबाई चहा पिऊन, भाकरी खाऊन, मोहाच्या फुलांची पुडी ठेवून गेली. वच्छलाबाई वहाण उचलायला गेल्या आणि अंगणातच थांबल्या. एकतीस वर्षांत किती बायका त्यांच्या पायाशी वाकल्या असतील, आणि दर वेळी पाय आपोआप मागे गेले होते. कोणी शिकवलं नव्हतं. जे आपलं नाही ते अंगावर आलं की अंगच मागे सरतं.

मग त्यांना वाटलं, पुस्तकातही माणसं पायाशी पडतात. तिथे कोणाचे पाय मागे जातात, तेवढं पाहावं.

त्या दिवसापासून त्या ओळ शोधायच्या थांबल्या आणि पाय शोधू लागल्या. फितीचं रीळ काढलं. अर्धी फीत हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातली. साधनाने विचारलं, "आई, हे काय चाललं?" त्या म्हणाल्या, "बाळं वेगळी करून राह्यली." जिथे पाय मागे घेतले तिथे पांढरी फीत, घेतले नाहीत तिथे पिवळी. मत्तयापासून पुन्हा सुरुवात, आता रोज पाच अध्याय. निकिता शाळेतून आली की कात्री घेऊन तुकडे कापून द्यायची.

डिसेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रकटीकरणाचं, म्हणजे शेवटच्या पुस्तकाचं, शेवटचं पान उलटलं. पुस्तक फितींनी फुगलं होतं, मिटत नव्हतं.

*

नाताळाच्या आदल्या दिवशी राजदीप चारला घरी आला. दारावर निकिताने कागदाचा तारा लावला होता. साधना करंज्या तळत होती. वच्छलाबाईंनी त्याला हातपाय धुऊ दिले, चहा दिला, आणि पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तू वाच. माझे डोळे दुखते."

त्याने फिती पाहिल्या. "हे काय, पताका लावल्या?"

"आधी एक सांग. रुखमाबाई पाया पडली तं मी पाय काहून मागं घेतले?"

तो हसला. "तू काय देव हाये?"

"हे तू म्हटलं. ध्यानात ठेव. पहिली पांढरी उघड. प्रेषितांच्या कृत्यांतला दहावा अध्याय."

राजदीपने वाचलं. कर्नेल्य नावाचा रोमी फौजेतला शताधिपती येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडतो, आणि पेत्र त्याला उठवतो की ऊठ, मीही माणूसच आहे.

"माझंच वाक्य हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले माहीत बी नव्हतं. पुढची."

पुढच्या फितीत लुस्त्र गावातले लोक पौल आणि बर्णबा या येशूच्या प्रेषितांना देव समजून बैल नि हार घेऊन येतात, आणि ते दोघे अंगावरचे कपडे फाडत गर्दीत घुसतात की आम्हीही तुमच्यासारखी माणसं आहोत. त्याच्या पुढच्या दोन प्रकटीकरणात. योहान देवदूताच्या पायाशी पडतो आणि देवदूत म्हणतो, असं करू नको, मी तुझ्यासोबतचा दास आहे, देवाला नमन कर. एकदा नाही, दोनदा.

"देवदूताचे बी पाय मागं गेले," वच्छलाबाई म्हणाल्या. "देवानं घडवलेल्यांतला लहान नाई तो, स्वर्गातला हाये. आता पिवळ्या काढ."

पिवळ्या जास्त होत्या. वादळ शमल्यावर होडीतली माणसं येशूला नमन करतात. जन्मांध माणूस डोळे मिळाल्यावर त्याच्यापुढे वाकतो. कबरेवरून पळत आलेल्या बाया त्याचे पाय धरतात. राजदीप एकेक वाचत गेला. त्याचा आवाज हळूहळू कमी झाला.

"एकदा तरी 'ऊठ, मी माणूस हावो' म्हणाला?"

"थांब माय." राजदीपने पुस्तकावर हात ठेवला. "नमन राजाले बी करत होते. दाविदापुढं लोक वाकत. म्हणून दावीद देव झाला काय? हे मले आधीच सांगितलेलं हाये."

साधनाने झारा कढईच्या काठावर ठेवला. निकिता कात्री घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"बरोबर हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बी हेच धरून बसलती चार दिवस. वाकणं दोन तऱ्हेचं असते. सासऱ्यापुढं वाकतो ते वेगळं. म्हणून मी थोमाजवळ दोन फिती बांधल्या. वाच."

राजदीपने वाचलं. शिष्य थोमा, ज्याने जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हटलं होतं, तो समोर येशूला पाहून म्हणतो, माझा प्रभू आणि माझा देव.

"आता हे राजाले म्हणत नाई कोणी. मी पाहिलं. दाविदाले कोणी 'माझा देव' म्हटलं नाई. अन् हा म्हणणारा यहुदी हाये, ज्याच्या धर्मात देवाशिवाय कोणाले देव म्हणणं म्हणजे मरण. मंग येशूनं काय करायले पाहिजे होतं?"

राजदीपने तीच ओळ पुन्हा वाचली.

"कपडे फाडायले पाहिजे होते. पौलासारखे. पेत्रासारखं दंड धरून उठवायले पाहिजे होतं. अन् तो काय म्हणते? तू पाहिलं म्हणून विश्वास ठेवला, न पाहता ठेवतील ते धन्य. म्हणजे थोमा बरोबर बोलला, उशिरा बोलला एवढंच. आणि हा तोच येशू, ज्यानं सैतानाले तोंडावर सांगितलं का नमन फक्त देवाले. नियम त्याले माहीत नव्हता असं नाई. नियम त्यानंच सांगितला, अन् पाय मागं घेतले नाई. मंग एक तं तो खोटा माणूस हाये, नाईतर पाय मागं घ्यायचं त्याले कारण नव्हतं. मधलं थोर-बीर मले सापडलं नाई."

"अन् बाप?" राजदीपने विचारलं. आता तो वाद घालत नव्हता, विचारत होता. "तो स्वतः म्हणते ना, बाप माझ्याहून थोर. त्याचं काय?"

"ते मी सोडलं नाई. तिथं फीत नाई, दोऱ्याची खूण बांधली हाये, योहानाच्या चौदाव्यात. पण त्याच्या मागचं पान उलट. त्याच संध्याकाळी आधी काय झालं?"

राजदीपने पान उलटलं. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो.

"गुलामाचं काम," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी केलं हाये, मले माहीत हाये. गुडघ्यावर बसलेल्या माणसाले वरचा थोरच दिसते. तो खाली आपल्या मर्जीनं आलता. देवाच्या रूपात असून दासाचं रूप घेतलं, हे फिलिप्पैकरांच्या पत्रात लिहिलं हाये, पिवळी फीत हाये तिथं. आणि पाह्य, इथं पाय कोणी मागं घेतले?"

"पेत्रानं," राजदीप म्हणाला.

"काहून?"

राजदीपने बोट मागच्या ओळीवर नेलं.

"कारण त्याले कळत होतं, पाय धुणारा कोण हाये."

साधनाने पुन्हा झारा उचलला आणि करंज्या काढल्या. मग राजदीपने स्वतःच शेवटची पिवळी फीत धरली. प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय. सिंहासनावर बसलेला देव आणि कोकरा, म्हणजे येशू, दोघांना एकच स्तुती, एकच गौरव, स्वर्गातल्या नि पृथ्वीवरच्या प्रत्येक प्राण्याकडून. त्या पानात आणखी एक चिठ्ठी होती, जुन्या करारातल्या यशयातलं वचन, वच्छलाबाईंच्या वाकड्या अक्षरात: देव म्हणतो, माझं गौरव मी दुसऱ्याला देणार नाही.

"दुसऱ्याले देत नाई म्हणते," वच्छलाबाई म्हणाल्या, "अन् कोकऱ्याले तं दिलं. मंग कोकरा दुसरा कसा? मले सगळं समजलं असं म्हणत नाई मी. बाप अन् पुत्र दोघं, देव एक, हे माझ्या डोक्यात मावत नाई. पण फीत कोणाची हाये ते मले वाचता येते. माणसाचं लेकरू माणूस असते. देवाचा पुत्र घडवलेला कसा असन?"

राजदीपने पुस्तक मिटायचा प्रयत्न केला. मिटलं नाही. "मी हे नागपूरच्या भावायले दाखवतो," तो म्हणाला.

"दाखव. फिती काढू नको. अन् त्यायले म्हण, चहाले येत जा. कप ठेवणारी माणसं हाये."

*

साडेसातला ताटं मांडली. प्रार्थना कोणी करायची हे ठरलं नव्हतं. राजदीप पाटावर बसला आणि आईकडे पाहत राहिला. वच्छलाबाईंनी डोळे मिटले आणि जशी रोज करत तशीच प्रार्थना केली, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. प्रभू येशू, आमच्या देवा, या अन्नासाठी. शेवट झाला.

साधनाचं आमेन आलं. निकिताचं आलं, या खेपेला पूर्ण.

भाकरी मोडल्याचा आवाज आला नाही. वच्छलाबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्या थांबल्या. बाहेर गल्लीत चर्चची पोरं ढोलकी घेऊन गात चालली होती, ती पुढे गेली, आवाज लांब झाला.

"आमेन," राजदीप म्हणाला. हळू म्हणाला, कागद पूर्ण वाचून खाली सही करणाऱ्या माणसासारखं.

वच्छलाबाईंनी डोळे उघडले आणि भाकरीला हात लावला. ती निवली होती. त्यांनी ती सुनेकडे सारली आणि मुलाकडे पाहिलं.

"एका आमेननं झालं नाई," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सकाळचे दोन अध्याय तू वाचायचे, मोठ्यानं. यशयाच्या पहिल्यापासून. मी ऐकीन. अन् निकिता, रीळ संपत आलं. बाजारातून फीत आण."